दुचाकी महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरीची काळी तार सोडवून ठेवा

गावी गेल्यावर दुचाकी तीन-चार आठवडे उभी राहिली की डिजिटल घड्याळ, अलार्म यांसारख्या गोष्टी थोडी थोडी वीज ओढत राहतात आणि परतल्यावर सेल्फ नुसता टकटक करतो.

निघण्यापूर्वी चावी बंद करून बॅटरीची काळी, म्हणजे ऋण तार सोडवावी आणि तिच्या टोकाला इन्सुलेशन टेप गुंडाळावी. लाल तारेला आधी हात लावू नये, कारण पाना चुकून चासिसला टेकला तर मोठी ठिणगी उडते. टर्मिनलवर पांढरी भुकटी दिसल्यास खाण्याचा सोडा कालवलेल्या कोमट पाण्याने जुन्या टूथब्रशने ती घासून काढावी, कोरडे पुसावे व व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा.

मल्टिमीटर असल्यास व्होल्टेज अवश्य पाहावे. ते 12.4 च्या खाली असेल तर आधी चार्जिंग करून घ्यावे. अर्धवट उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी तशीच पडून राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते आणि तिचे आयुष्य घटते. मात्र 5 अँपिअर-अवरच्या बॅटरीला साधारण अर्धा अँपिअरच प्रवाह द्यावा, मोटारीचा मोठा चार्जर तिला कदापि जोडू नये.