स्टेशनजवळचं सोबाचं दुकान

टोकियोत नव्याने आलेली आपली मंडळी सुरुवातीचे महिने निशिकासाईच्या भारतीय हॉटेलांवर किंवा कोंबिनी दुकानातल्या ओनिगिरीवर, म्हणजे भाताच्या मुटक्यांवर, काढतात. काढा, काही हरकत नाही. पण जोडीला घराजवळचं एखादं लहानसं सोबाचं, म्हणजे कुट्टूच्या (बकव्हीटच्या) पिठाच्या नूडल्सचं, दुकान शोधून ठेवा. नवरा-बायको चालवतात, आत चार-पाच टेबलं, दारावर कापडी पडदा, म्हणजे नोरेन, असं. नोरेन बाहेर टांगलेला असेल तर दुकान चालू, आत घेतलेला असेल तर बंद. एकट्याने जाऊन बसलात तरी कुणी मान वळवून बघत नाही, आणि इझाकायाइतकं, म्हणजे दारू-खाण्याच्या अड्ड्याइतकं, बिलही होत नाही.

स्टेशनवर उभ्याने खायचा सोबा हे प्रकरण वेगळं. तिथे मशीनमधून तिकीट काढायचं, खायचं आणि निघायचं. जुनी मशीनं मोठ्या नोटा घेत नाहीत, काही तर जुलै २०२४ मध्ये आलेल्या नव्या नोटाही घेत नाहीत. थोडी नाणी खिशात असू द्या.

आता शाकाहाऱ्यांसाठी, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. सोबा बघायला अगदी सात्त्विक. पण सोबत येणारा त्सुयु म्हणजे सोया सॉस, मिरिन (स्वयंपाकातली गोड दारू) आणि साखर उकळून मुरवलेलं मिश्रण आणि त्यात दाशी, म्हणजे सार. ही दाशी मुख्यतः कात्सुओबुशीची, म्हणजे वाळवून धुरी दिलेल्या माशाच्या किसाची. ‘निकु नाशी’, मांस नको, असं सांगितलंत तर काका आनंदाने ‘हाय’, म्हणजे हो, म्हणतील आणि तोच त्सुयु आणून ठेवतील. ते फसवत नाहीत. त्यांच्या हिशेबी दाशी हे मांसच नव्हे. ‘दाशीशिवाय करून द्या’ म्हणण्यातही अर्थ नाही, त्सुयु आधीच तयार करून ठेवलेला असतो. तेव्हा दाशी चालते की नाही हे घरूनच ठरवून निघा. माझ्या ओळखीत ‘तुकडा नको, रस चालेल’ म्हणणारे आहेत आणि थेंबही न घेणारेही. दोघांचं इथे नीट चाललंय. हाल होतात ते काउंटरवर उभं राहून ठरवणाऱ्यांचे. अजिबात नको असेल तर ‘शिओ दे ताबेतेमो इइ देसु का’ असं विचारा, मिठाबरोबर खाल्लं तर चालेल का म्हणून. निव्वळ सोबाच्या पिठाच्या, ‘जुवारी’ (ज्वारी नव्हे) नूडल्स करणाऱ्या काही दुकानांत चव कळावी म्हणून ते स्वतःच मीठ देतात. भाज्यांच्या तेंपुराच्या, म्हणजे जपानी भज्यांच्या, पिठात बहुधा अंडं असतं आणि कढई कोळंबी तळलेलीच असते, हेही लक्षात असू द्या.

सोबा उपासाच्या कुट्टूचा, तेव्हा एकादशीला चालेल का, असं दरवर्षी कुणीतरी विचारतंच. नाही चालणार. नेहमीच्या ‘निहाची’ सोब्यात आठ भाग कुट्टूला दोन भाग गहू असतो, आणि मासा वर सांगितलाच.

ॲलर्जीचं मात्र थट्टेवारी नेऊ नका. कुट्टूची ॲलर्जी जीवावर बेतू शकते. म्हणून तर जपानात पाकीटबंद पदार्थांवर सोबाचा उल्लेख सक्तीचा आहे. हॉटेलांना तशी सक्ती नाही. ज्यांना ॲलर्जी आहे त्यांनी सोबाच्या दुकानात उदोनही (गव्हाच्या जाड नूडल्स) मागवू नये, कारण बऱ्याच ठिकाणी दोन्ही एकाच पाण्यात उकळतात. जुन्या पद्धतीच्या सरायीत, म्हणजे र्‍योकानमध्ये उशीतसुद्धा सोबाची टरफलं असू शकतात.

पहिल्यांदा जाल तेव्हा थंड मोरि सोबा मागवा. बांबूच्या जाळीवर नूडल्स, छोट्या कपात त्सुयु, बाजूला वासाबीची तिखट हिरवी चटणी आणि चिरलेली कांद्याची पात. पहिला घास नुसताच खाऊन बघा. मग दोन-चार धागे उचलून फक्त खालचं टोक त्सुयुत बुडवा. टोकियोकडचा त्सुयु काळाभोर आणि खारट असतो, सगळं बुडवलंत तर सोबाची चव मरते. वासाबी त्सुयुत कालवण्यापेक्षा नूडल्सवर लावा. आणि सुर्रर्र आवाज करत ओढा. घरी आईने दटावलं असतं, इथे तो आवाज रीतीला धरून आहे. जमत नसेल तर निमूट खा, कुणी आग्रह करणार नाही. रेंगाळू मात्र नका. फोटो काढण्यात पाच मिनिटं गेली की नूडल्स एकमेकींना चिकटून लगदा होतो. दोघांत एक ताट घेऊ नका, लहान दुकानात ते बरं दिसत नाही.

नूडल्स संपत आल्या की काकू एका भांड्यातून पांढरट गरम पाणी आणून ठेवतील. चहा समजून तसंच टाकून उठू नका. ते सोबायु, नूडल्स उकळलेलं पाणी. उरलेल्या त्सुयुत ओतून प्यायचं. चव पातळ पेजेसारखी, त्यात त्सुयुचा खारटपणा. थंडीत माझं अर्धं लक्ष त्याच्याकडेच असतं.

बाकी किरकोळ. दुपारी दोननंतर दुकान मिटतं ते संध्याकाळीच उघडतं, आणि सोबा संपला की वेळेआधीही बंद होतं. रोख पैसे ठेवा. टिप ठेवू नका, परत द्यायला मागे धावत येतील. निघताना ‘गोचिसोसामा देशिता’, जेवणाबद्दल आभार, एवढं म्हणा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दारावर ‘शिनसोबा’ची पाटी दिसली, तर त्या आठवड्यात जाच, नव्या पिकाचा वास वेगळा असतो.

३१ डिसेंबरला अख्खा जपान तोशिकोशी, म्हणजे वर्ष सरतानाचा, सोबा खातो. त्या दिवशी आयत्या वेळी गेलात तर बाहेर रांगेत कुडकुडाल. आठवडाभर आधी दुकानात विचारून ठेवा; काही जण घरी न्यायला कच्च्या नूडल्स आणि त्सुयु बांधून देतात. उकळायला किती मिनिटं लागतात, तेही तेव्हाच लिहून घ्या.