आधी रिकामा काटा बघा

आमचे सासरे, अण्णा, मोंढ्यात कापूस घालायचे तेव्हा माप सुरू व्हायच्या आधी वाकून बघायचे, रिकामा काटा शून्यावर आहे का. आता त्यांचं वय ७८. हृदयाचं पंपिंग कमी झालंय, म्हणून डॉक्टरांनी रोज वजन लिहून ठेवायला सांगितलंय. परभणीत काटा घ्यायला गेले तेव्हा अण्णांचीच पद्धत वापरली.

दुकानदाराला काटा फरशीवर ठेवायला लावा. चढा, उतरा, शून्य होऊ द्या, परत चढा. मग १ लिटरची भरलेली बाटली हातात घेऊन चढा. साधारण किलोभर वाढलं पाहिजे. बाटली ठेवून पुन्हा नुसतं चढा. बाटली यासाठी, की काही काटे मागचं वजन लक्षात ठेवतात आणि जवळपासचं वजन आलं की तोच आकडा परत दाखवतात. १००-२०० ग्रॅमचा फरक चालतो. अर्धा किलो हलत असेल तर तो काटा घेऊ नका. आकडे उभ्यानं वाचता आले पाहिजेत आणि म्हाताऱ्या माणसासाठी पाटा रुंद हवा. चरबीची टक्केवारी सांगणारे काटे पायातून बारीक वीज सोडून अंदाज बांधतात. पेसमेकर असलेल्यानं त्यावर चढू नये. मी साधाच घेतला.

घरी आल्यावर खरी अडचण आली. बैठकीत शहाबादी फरशी, काटा डुगडुगायचा आणि एकाच सकाळी तीन वेगळे आकडे. काट्याच्या चारही पायांत सेन्सर असतात, एक पाय अधांतरी राहिला तरी माप चुकतं. सतरंजीवर तर ठेवूच नका. शेवटी स्वयंपाकघरातल्या सपाट टाइल्सवर जागा सापडली. तिथं खडूनं चौकट आखलीय, काटा तिथून हलत नाही. हललाच तर एकदा पायानं दाबून सोडायचा, शून्य दिसलं की मगच चढायचं.

वेळ सकाळची, परसाकडे जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. अंगावर रोज तेवढेच कपडे. अण्णांचं धोतर आणि बनियन. दोन पेले पाणी प्यायलं तरी काटा अर्धा किलो चढतो, त्यात लठ्ठपणा काही नाही. वजन कमी करायचं असेल तर रोजच्या आकड्यानं जीव खाली-वर करू नका, आठवड्याची सरासरी काढा. मी स्वतःचं तसंच बघते.

अण्णांचं मात्र रोजचंच बघावं लागतं, कारण त्यांच्या अंगात पाणी साठतं. डॉक्टरांनी सांगितलंय, तीन दिवसांत २ किलोच्या वर वाढ झाली तर फोन करा. आडवं पडल्यावर धाप लागली तर काट्याची वाटच बघू नका. भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या जेवणात त्यांनी लोणचं, पापड मनसोक्त खाल्लं. कॅलेंडरवर ६१.४, मग ६२.१, ६२.९, ६३.६. अण्णा म्हणाले, "सणाचं जेवण हाय, उतरंल." पण पायावर वहाणेच्या पट्ट्याचा वळ उमटलेला. मी कॅलेंडर भिंतीवरून काढलं आणि त्यांना घेऊन गेले. डॉक्टरांनी आधी आकडे वाचले, मग पाय दाबून बघितले आणि लघवीच्या गोळीचा डोस बदलला. पाचव्या दिवशी काटा ६१.७ वर आला. तेव्हापासून अण्णा स्वतःच वाकून शून्य बघतात आणि मला आकडा लिहायला हाक मारतात.