कळलावीचा वर्षभर माग काढताय? या चुका टाळा

गौरी आल्या की ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात तेरड्याच्या जुड्यांशेजारी ज्वाळेसारखी लालपिवळी फुलं दिसू लागतात. कुणी त्यांना गौरीचे हात म्हणतं, कुणी कळलावी, कुणी अग्निशिखा, तर कुणी खड्यानाग. बहुतेकांची या वेलीशी ओळख तिथेच होते आणि तिथेच थांबते. काही जणांना मात्र वाटतं की येऊरला किंवा खारघरच्या टेकडीवर जाऊन ही वेल कोंबापासून बी पडेपर्यंत बघावी. अवश्य बघा. फक्त पहिल्या वर्षी हातून ज्या चुका होतात, त्या आधीच माहीत असलेल्या बऱ्या.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फुलं दिसल्यावर वही उघडणं. ऑगस्टमध्ये फूल दिसतं तेव्हा वेलीचा निम्मा हंगाम सरलेला असतो. कळलावीचं वर्ष पहिल्या दमदार पावसानं सुरू होतं. मुंबई-ठाण्यात मोसमी पावसाची सरासरी तारीख 11 जून धरतात, पण वेल कॅलेंडर बघत नाही. म्हणून तुमच्या भागात माती खरोखर भिजली तो दिवस लिहून ठेवा आणि पुढचं सगळं त्या दिवसापासून मोजा. दोन वर्षांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की तारखा जुळत नाहीत आणि पावसापासूनचे दिवस मात्र जवळपास येतात, हे बघण्यात फार आनंद आहे.

कोंब ओळखताना हमखास घोटाळा होतो. कळलावी म्हटलं की पानाच्या टोकाची आकडी आठवते, तीच आकडी झुडपांना धरत वेल वर चढते. पण जमिनीतून नुकताच निघालेला कोंब सरळ, टोकदार असतो, पानं अंगाभोवती लपेटलेली असतात आणि खालच्या पानांना आकडी नसतेच. मी पहिल्या जूनमध्ये आकडी शोधत येऊरमधल्या पाटोणापाड्याच्या वाटेनं चारदा गेले आणि चारही वेळा कोंबांशेजारून पुढे निघून आले. बीपासून उगवलेलं रोप तर आणखी फसवं असतं. थोडीच पानं येतात, पावसाळा संपताच ती जातात आणि फूल यायला तीन-चार वर्षं लागतात. ‘फुललं नाही’ म्हणून त्याला नोंदीतून काढू नका.

आता रंगाबद्दल, कारण इथे चांगले जाणकारही चुकतात. एकाच वेलीवर हिरवट, पिवळी-लाल आणि पूर्ण गडद लाल अशी तिन्ही फुलं दिसतात आणि नवखा माणूस तीन जाती लिहून मोकळा होतो. ती तीन वयं आहेत. एक कळी निवडा, तिच्या देठाला सैलसा सुती दोरा बांधा आणि तीच बघत राहा. कळी हिरवी असते, खाली मान घालून लोंबते. मग सहा पाकळ्या उलट्या वर वळतात, कडांना लाटा पडतात. आधी टोकं लाल होतात आणि ती लाली दिवसागणिक पिवळ्या बुडाकडे उतरत जाते. शेवटी सगळं फूल लालबुंद. खाली सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे पसरलेले असतात आणि फुलाच्या तळातून एक हिरवी काडी काटकोनात बाहेर वळलेली दिसते. तो स्त्रीकेसराचा भाग. ही काडी पुंकेसरांच्या गर्दीतून बाजूला का सरकली असेल, याचा पाच मिनिटं तिथेच बसून विचार करा. फुलपाखरू आलं तर त्याचे पंख कशाला लागतात तेही बघा.

पानं कुरतडलेली दिसली की लोक औषध फवारायची भाषा करतात. कृपा करून तसं करू नका. काळ्या अंगावर पांढरे आणि लाल ठिपके असलेल्या अळ्या दिसल्या तर त्या बहुधा लिली मॉथ या पतंगाच्या असतात. त्याच्या शास्त्रीय नावातच कळलावी आहे: पॉलिटेला ग्लोरिओसे. अळ्या आल्याची तारीख, किती पानं खाल्ली, वेल सावरली का, हेही लिहा. वेलीच्या ऋतुचक्रात अळीही येतेच.

फुलं सरली की बहुतेकांचं जाणं बंद होतं. माझंही झालं होतं. पण खरी उत्कंठा त्यानंतर आहे. हिरवं बोंड फुगतं, वाळतं, तीन फाकांत उघडतं आणि आत शेंदरी-लाल बिया ओळीनं चिकटलेल्या दिसतात. याच काळात पानं पिवळी पडतात. तो रोग नाही, पाण्याची कमतरताही नाही, वेल आपलं सगळं कंदात परत नेत असते. गौरीसाठी तोडलेल्या फांदीला बोंड येत नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

दोन गोष्टी कडक शब्दांत सांगते. या वेलीच्या सगळ्या भागांत, कंदात तर विशेष, कोल्चिसिन नावाचं जहाल विष असतं. कंद रताळं किंवा कोनफळ समजून खाल्ल्यानं माणसं दगावली आहेत. मुलं बरोबर असतील तर हात धुतल्याशिवाय खाऊ देऊ नका. दुसरं, नेमकी जागा फोटोबरोबर जाहीर करू नका. औषधासाठी कंद उकरून नेणारे असतात, आणि येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथून रोपं उपटणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे.

राहिली ती पुढच्या वर्षी वेल सापडावी म्हणून ठेवायची खूण. मी पहिल्या वर्षी वाळल्या वेलीच्या बुडाशी दगड ठेवला. पुढच्या जूनमध्ये दगडापाशी काहीच उगवलं नाही आणि मी वहीत ‘मेली’ असं लिहिलं. दोन आठवड्यांनी वीतभर अंतरावर, करवंदीखाली दोन कोंब उभे होते. कारण कंद इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो. संस्कृतात हिला लांगली म्हणतात ते त्या नांगरासारख्या आकारावरूनच. दोन्ही टोकांना एकेक डोळा असतो, तिथून नवे कोंब येतात आणि जुना कंद सुकून जातो. म्हणजे वेल दरवर्षी थोडी सरकते, एकीच्या दोनही होतात. म्हणून डिसेंबरात शेवटची काडी मोडायच्या आत टेप घेऊन जा. एक मोठा खडक आणि एक झाड, दोन्हींपासूनचं अंतर मोजून लिहा, आणि जूनमध्ये त्या जागेभोवती हातभर घेरा पाय न ठेवता बघा.