एक टक्क्यातली जागा: अमेरिकेतल्या रेसिडेन्स हॉलची एनआरएचएच

पदवीसाठी अमेरिकेत गेलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या-दुसऱ्या सत्रात कधीतरी एक ईमेल येते: एनआरएचएचसाठी (नॅशनल रेसिडेन्स हॉल ऑनररी, हॉलमध्ये राहून चांगलं काम करणाऱ्या निवडक विद्यार्थ्यांची सन्मान संस्था) तुमचं नाव सुचवण्यात आलं आहे, अर्ज भरा. घरी सांगितलं की पहिला प्रश्न येतो, स्कॉलरशिप आहे का? नाही. मग नोकरी? तीही नाही. तर मग ही भानगड काय, यात वेळ घालावा का आणि घालायचा तर कधीपासून, हे कळायला या संस्थेचा इतिहास थोडा माहीत असावा लागतो. आज तिचे जे नियम विचित्र वाटतात, त्यांचं मूळ बहुतेक तिथेच आहे.

आधी शब्दांचं. आपण ज्याला होस्टेल म्हणतो त्याला तिथे रेसिडेन्स हॉल म्हणतात. होस्टेल म्हटलं की अमेरिकन माणसाला पाठीवर पिशवी टाकून फिरणाऱ्यांची स्वस्त धर्मशाळा आठवते. डॉर्म हा शब्द विद्यार्थी सर्रास वापरतात, पण हाउसिंग ऑफिसातल्या लोकांना तो खटकतो. त्यांच्या लेखी डॉर्म म्हणजे नुसती झोपायची जागा, आणि हॉल म्हणजे राहायची आणि शिकायची. अर्जात, मुलाखतीत हॉलच म्हणा. आपल्याकडच्या रेक्टरच्या जवळ जाणारं काम तिथे हॉल डायरेक्टर करतो, आणि मजल्यावरच्या मुलांची काळजी वाहणारा पगारी विद्यार्थी म्हणजे आरए, अर्थात रेसिडेंट असिस्टंट. प्रत्येक हॉलमधली निवडून आलेली मंडळी म्हणजे हॉल कौन्सिल. सगळ्या हॉलची मिळून जी विद्यार्थी संघटना असते ती आरएचए, म्हणजे रेसिडेन्स हॉल असोसिएशन.

आता इतिहास. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिकांना शिक्षणासाठी सरकारी पैसा मिळाला आणि कॉलेजांत एकदम गर्दी झाली. राहायला जागा पुरेना. १९५०च्या हाउसिंग ॲक्टने कॉलेजांना वसतिगृहं बांधायला ३० कोटी डॉलरपर्यंतची कर्जं उपलब्ध करून दिली, ४० वर्षांपर्यंतच्या मुदतीची, कमी व्याजाची. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत कॅम्पसवर मजल्यावर मजले चढले आणि एकेका विद्यापीठात हजारो मुलं एकत्र राहू लागली. एवढ्या मुलांचा रोजचा कारभार मुलांच्या मदतीशिवाय चालणं शक्य नव्हतं.

अशा कारभारी मुलांना एकमेकांशी बोलायची गरज वाटू लागली. १९५४ साली आयोवा स्टेट, कोलोरॅडो, मिसुरी आणि आज नॉर्दर्न आयोवा म्हणून ओळखलं जाणारं विद्यापीठ यांच्या वसतिगृहांतले विद्यार्थी एकत्र आले. सुरुवातीचं नाव होतं मिडवेस्ट डॉर्मिटरी कॉन्फरन्स. डॉर्म हा शब्द तेव्हा कुणाला खटकत नव्हता, हे त्यावरून दिसतंच. पुढे तिचीच एनएसीयूआरएच (नॅशनल असोसिएशन ऑफ कॉलेज अँड युनिव्हर्सिटी रेसिडेन्स हॉल्स) ही राष्ट्रीय संघटना झाली. या संघटनेच्या छत्राखाली १९६४ साली ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीत नॅशनल रेसिडेन्स हॉल ऑनररी, म्हणजेच एनआरएचएच, स्थापन झाली.

तेव्हा ऑनर सोसायटी, म्हणजे निवडक विद्यार्थ्यांना सन्मानाने सभासद करून घेणारी संस्था, हा प्रकार अमेरिकेत जुना झाला होता. फाय बीटा कॅपा १७७६ची. नेतृत्वाचा गौरव करणारी ओमिक्रॉन डेल्टा कॅपा १९१४ची. पण या साऱ्यांची नजर वर्ग, मैदान आणि विद्यार्थी सरकार यांच्याकडे. रात्री दोन वाजता मजल्यावरचं भांडण मिटवणारा, नव्या मुलीला जेवणघर कुठे आहे ते दाखवणारा, हॉलचा हिशेब ठेवणारा त्यांच्या यादीत सहसा बसत नसे. ही उणीव भरून काढायला एनआरएचएच निघाली. म्हणूनच गुणपत्रक हा तिथे उंबरठा असतो, निकष नसतो. एनआरएचएचच्या कॅम्पसवरच्या बऱ्याच शाखांत ४ पैकी २.५ जीपीए (गुणांची सरासरी) पुरतो, काही शाखा जास्त मागतात. ३.९ वाल्याला नकार आणि २.८ वाल्याला जागा, असं झालं तर त्यात काही काळंबेरं नाही.

एनआरएचएच निघण्याच्या तीन वर्षं आधी, १९६१ साली, डिक्सन विरुद्ध अलाबामा खटल्यात फेडरल अपील न्यायालयाने सांगितलं की सरकारी कॉलेजला नोटीस आणि सुनावणी दिल्याशिवाय विद्यार्थ्याला काढून टाकता येणार नाही. कॉलेज म्हणजे आईबापाच्या जागी, ही जुनी समजूत तिथून सैल होत गेली. मुलींना रात्री ठरावीक वेळेआत परतण्याचे नियमही हळूहळू गेले. हॉलमधले विद्यार्थी नेते नियम राबवणाऱ्यांच्या बाजूचे कमी आणि रहिवाशांचे प्रतिनिधी जास्त झाले. आमच्या मते आजच्या एनआरएचएचचा स्वभाव त्या बदलातून आला आहे. विद्वत्ता, सेवा, नेतृत्व आणि गौरव अशी चार मूल्यं ती पूर्वी सांगत असे. आता दोनच उरली आहेत: सेवा आणि गौरव. आणि हा गौरव दुसऱ्यांचा करायचा असतो, इथेच नवखे चुकतात. सभासद झालं की सर्टिफिकेट घेऊन घरी, असं नसतं. तुमचं काम त्यानंतर सुरू होतं.

त्या कामाचं नाव ओटीएम, म्हणजे ऑफ द मंथ. त्या महिन्यात हॉलमध्ये कुणी चांगलं काम केलं, कुठला कार्यक्रम चांगला झाला, त्याचं लेखी नामांकन. आरए, सल्लागार, पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, सामाजिक कार्यक्रम, शैक्षणिक कार्यक्रम असे बरेच गट आहेत. कॅम्पसवर निवडलेलं नामांकन एनएसीयूआरएचच्या प्रादेशिक विभागाकडे जातं, तिथून राष्ट्रीय पातळीवर. बहुतेक ठिकाणी नामांकन लिहायला सभासद असावं लागत नाही. कुणालाही लिहिता येतं, आणि शाखेच्या लोकांच्या डोळ्यांत भरायचा सर्वात स्वस्त मार्ग हाच आहे.

ओटीएम फेटाळली जाते ती बहुधा भाषेमुळे नाही, तारखेमुळे. सप्टेंबरच्या नामांकनात सप्टेंबरमध्ये घडलेलंच लिहायचं. कार्यक्रम ३० सप्टेंबरला झाला आणि तुम्ही ते ऑक्टोबरच्या यादीत टाकलं, तर मजकूर कितीही चांगला असो, बाद. मुदत पुढच्या महिन्याच्या पहिल्या काही दिवसांत संपते, त्यामुळे कार्यक्रम झाला त्याच रात्री चार ओळी टिपून ठेवा: तारीख, किती लोक आले, खर्च किती, नेमकं काय झालं, रहिवाशांना त्याचा काय उपयोग झाला. दुसरी चूक विशेषणांची. 'ती खूप मेहनती आणि प्रेमळ आरए आहे' हे वाक्य शेकडो नामांकनांत असतं. 'आगीच्या अलार्ममुळे मजला रात्री दीड तास बाहेर थांबला तेव्हा तिने सगळ्यांना कोको वाटला आणि ज्याची सकाळी परीक्षा होती त्याच्यासाठी दुसऱ्या हॉलमध्ये खोली मिळवली' हे लिहिलंत तर वाचणारा थांबतो. शब्दमर्यादा पाळा, जास्तीचा मजकूर वाचला जाईल या भरवशावर राहू नका. कार्यक्रमाच्या नामांकनात, दुसऱ्या कॅम्पसला तो करायचा असेल तर कसा करावा, हेही येऊ द्या. परीक्षक ते शोधत असतात.

आता जागांचं गणित. शाखेतल्या सक्रिय सभासदांची संख्या कॅम्पसवर राहणाऱ्यांच्या एक टक्का किंवा २०, यांपैकी जे जास्त असेल त्यापुढे जात नाही. हॉलमध्ये ३,५०० मुलं राहत असतील तर ३५ जागा. १,४०० असतील तर एक टक्का होतो १४, म्हणून २० जागा. पण ३५ पैकी ३२ आधीच भरलेल्या असतील तर तुमच्या खेपेला तीनच. मे महिन्यात शेवटच्या वर्षाचे बाहेर पडतात, तेव्हा जागा मोकळ्या होतात. त्यामुळे एका सत्रात नकार आला तर त्याचा अर्थ 'पात्र नाही' असाच असतो असं नाही. शाखेच्या अध्यक्षाला सरळ विचारा, पुढच्या खेपेला किती जागा आहेत. असं विचारणं तिथे उद्धटपणाचं मानत नाहीत.

शाखा साधारण एक सत्र हॉलमध्ये राहिलेलं असावं असं बघतात, आणि पहिल्या सत्रात जीपीएही नसतो, म्हणून पहिलीच संधी सहसा वसंत सत्रात येते. अर्जात दोन-तीन लहान निबंध, एखाद्या हॉल डायरेक्टरची शिफारस, कुठे मुलाखत. निवड झाली की इंडक्शनचा, म्हणजे सभासद करून घेण्याचा, समारंभ. त्याला जरा नीटनेटके कपडे घालून जा आणि कुणाच्या कामामुळे तुम्ही इथवर आलात, त्या आरएला बोलवा.

एक गोष्ट आपल्याकडच्या बहुतेकांना उशिरा कळते. एमएससाठी जाणारे बहुतेक जण पहिल्या दिवसापासून कॅम्पसबाहेर चौघांत फ्लॅट घेऊन राहतात. त्यांना हे दार बंदच असतं, कारण कॅम्पसच्या निवासात राहणं ही मूळ अट. पदवीला गेलेल्यांनी मात्र दुसऱ्या वर्षी बाहेर पडायची घाई करण्याआधी विचार करावा. बाहेर पडलात की सक्रिय सभासदत्व सहसा जातं.

एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्यांसाठी: एनआरएचएच ही नोकरी नाही, त्यामुळे तिच्या बैठकांचे तास कुठे मोजले जात नाहीत. आरए ही मात्र नोकरी आहे, मोबदला खोलीच्या रूपात मिळाला तरी. सत्र चालू असताना कॅम्पसवरचं सगळं काम मिळून आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. ग्रंथालयात १० तास काम करत असाल आणि हाउसिंग ऑफिस आरएचं काम १५ तासांचं धरत असेल, तर तुम्ही मर्यादेबाहेर गेलात. होकार देण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून हे लेखी घ्या.

एनएसीयूआरएचच्या परिषदांना जायची संधी मिळाली तर सोडू नका. शरद ऋतूत विभागीय परिषद, वसंतात कामकाजाची छोटी परिषद जिला पूर्वी नो फ्रिल्स म्हणत, आणि शैक्षणिक वर्ष संपताना राष्ट्रीय. मोठ्या परिषदांत प्रत्येक कॅम्पसच्या घोषणा असतात, बॅनर असतो, आणि पिना, बिल्ले यांची देवाणघेवाण इतक्या उत्साहाने चालते की पहिल्यांदा बघणाऱ्याला हे काय चाललंय असं होतं. तिथे बिड हा शब्द सतत कानावर पडतो. लिलावाशी त्याचा संबंध नाही. पुरस्कारासाठी किंवा परिषदेच्या यजमानपदासाठी तयार केलेला सविस्तर प्रस्ताव म्हणजे बिड. पुढे नोकरीत प्रकल्पप्रस्ताव लिहायची वेळ येते तेव्हा ही सवय कामाला येते.

ईमेल खरी की खोटी, हे तपासायला दोन मिनिटं लागतात. खऱ्या शाखेला एक सल्लागार असतो आणि तो तुमच्याच हाउसिंग ऑफिसात बसतो. तिथे जाऊन विचारा. भारदस्त ग्रीक नाव, कॅम्पसवर एकही माणूस नाही आणि आजच्या आज पैसे भरा, असा मामला असेल तर ती ईमेल पुसून टाका. शाखेची वर्गणी असू शकते, पण ती कशासाठी हे सल्लागार तोंडावर सांगू शकला पाहिजे.

बायोडेटात नुसतं एनआरएचएच सभासद लिहून भागत नाही, मुंबई-पुण्यात तर नाहीच. इथल्या एचआरला ती अक्षरं कळणार नाहीत. पूर्ण नाव द्या, 'वसतिगृहातील रहिवाशांपैकी सुमारे एक टक्क्यात निवड' एवढं पुढे जोडा आणि त्याखाली केलेल्या कामाचे आकडे टाका: किती नामांकनं लिहिली, त्यातली किती विभागापर्यंत गेली, किती रुपयांचा किंवा डॉलरचा कार्यक्रम हाताळला. हे आकडे दर महिन्याला नोंदवत चला, कारण शेवटच्या वर्षी शाखेच्या जुन्या फायली कुठे आहेत ते कुणालाच ठाऊक नसतं.