जावात बटणाची खिडकी: इनर क्लास वापरून कशी बनवाल

बटण दाबलं की आकडा बदलावा, एवढंच काम करणारी खिडकी स्विंगमध्ये, म्हणजे खिडक्या-बटणं बनवायच्या जावाच्या लायब्ररीत, बनवू.

आधी ‘मोजणी’ नावाचा क्लास करा. त्यात दोन प्रायव्हेट फील्ड ठेवा: इंट ‘आकडा’ आणि जेलेबल (मजकूर दाखवणारा घटक) ‘पाटी’. देवनागरी नावं जावाला चालतात, फक्त फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. कन्स्ट्रक्टरमध्ये जेफ्रेम, म्हणजे खिडकी, उघडा. पाटी मध्यभागी, ‘वाढवा’ बटण खाली, ‘कमी करा’ वर. जागा सांगितलीच पाहिजे. फ्रेममध्ये मुळात बॉर्डरलेआउट (मध्यभाग आणि चार कडा अशी मांडणी) असतो, त्यामुळे जागा न सांगता टाकलेलं सगळं मध्यभागी जातं आणि शेवटचं तेवढं दिसतं. एक्झिट ऑन क्लोजही लावा, नाहीतर फुलीवर क्लिक केल्यावर खिडकी नुसती लपते, प्रोग्राम चालूच राहतो. शेवटी पॅक (खिडकीचा आकार बसवायला) आणि सेटव्हिजिबल (ती दाखवायला).

आता खरं काम. बटण दाबल्यावर काय करायचं ते ॲक्शनलिसनर सांगतो. तो वेगळ्या फाइलमध्ये लिहिलात तर आकडा आणि पाटी त्याच्यापर्यंत पोचवण्यातच दमछाक होते. म्हणून ‘मोजणी’चा शेवटचा महिरपी कंस बंद होण्याआधी, आतच, ‘बदल’ हा ॲक्शनलिसनर इम्प्लिमेंट करणारा क्लास लिहा. असा क्लासच्या आतला क्लास म्हणजेच इनर क्लास. त्याला स्वतःचं एक इंट फील्ड द्या, ‘पाऊल’, आणि ते कन्स्ट्रक्टरमधून भरा. ॲक्शनपरफॉर्म्ड मेथडमध्ये दोनच ओळी:

आकडा += पाऊल;
पाटी.सेटटेक्स्ट(स्ट्रिंग.व्हॅल्यूऑफ(आकडा));

(सेटटेक्स्टसारखी जावाची स्वतःची नावं अर्थात रोमन लिपीतच टाइप करायची.) आकडा प्रायव्हेट असूनही कंपायलर अडवत नाही, कारण इनर क्लास घरातलाच. आता एका बटणाला न्यू बदल(1), दुसऱ्याला न्यू बदल(-1) लावा. एकच क्लास, दोन बटणं! 2014 साली जावा 8 मध्ये लॅम्डा (बिननावाची छोटी फंक्शनं) आले आणि एका ओळीच्या कामाला तेच बरे. पण लिसनरला स्वतःची काही आठवण ठेवायची असेल तर मी आजही नाव असलेला इनर क्लासच लिहितो. वाचणाऱ्याला तो लगेच कळतो.

मेन मेथडमध्ये थेट न्यू बदल(1) लिहू नका. मेन स्टॅटिक असते, तिथे ‘मोजणी’चा ऑब्जेक्टच नसतो, म्हणून कंपायलर एरर देतो. तिथे फक्त न्यू मोजणी(), तेही स्विंगयुटिलिटीजच्या इन्व्होकलेटरमधून, म्हणजे खिडकीचं काम स्विंगच्या स्वतःच्या थ्रेडवर होतं. आणि ‘बदल’च्या आत धिस म्हणजे ‘बदल’ स्वतः. बाहेरचा ऑब्जेक्ट हवा असेल तर मोजणी.धिस लिहा.

कंपाइल केल्यावर फोल्डरमध्ये मोजणी.क्लास आणि मोजणी$बदल.क्लास अशा दोन फाइल दिसतील. दुसऱ्या कंप्युटरवर नेताना दोन्ही न्या. दुसरी राहिली तर खिडकी उघडतच नाही.