कॅम्पर व्हॅनसाठी कमी आवाजाचा जनरेटर कसा निवडावा

मांडूच्या माळावरची गोष्ट. रात्रीचे सव्वाअकरा वाजले होते. शेजारच्या तंबूतले एक आजोबा स्लीपर फटफटवत आमच्या व्हॅनपाशी आले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "भिया, ये कब तक चलेगा?" 'ये' म्हणजे आम्ही भाड्याने आणलेला जनरेटर. आत चालू काय होतं, तर दोन पंखे, एक दिवा आणि चार्जिंगला लावलेले दोन फोन. एवढ्यासाठी बाहेर पिठाची गिरणी चालल्यासारखा आवाज. मी जाऊन बंद केला. माळ एकदम गप्प झाला आणि रातकिडे ऐकू यायला लागले. त्यानंतर व्हॅनमध्ये अर्धा तास कुणी कुणाशी बोललं नाही.

व्हॅन माझी आणि दादाची, म्हणजे चुलतभावाची, भागीत. जुनी ट्रॅव्हलर आहे, इथेच इंदूरजवळ पिथमपूरला बनलेली. आत दोन बाक, एक ओटा आणि छोटा फ्रिज बसवून घेतला. मांडू, चोरल, महेश्वर, हनुवंतिया अशा आमच्या फेऱ्या असतात. त्या रात्रीनंतर जनरेटर विकत घ्यायला आम्हाला दोन महिने लागले. त्यात जे कळलं ते क्रमाने सांगतो.

१. दुकानात जाण्याआधी वही काढा

दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, "कितने केव्हीए का चाहिए?" केव्हीए म्हणजे जनरेटरची ताकद, एक केव्हीए म्हणजे ढोबळमानाने हजार वॅटच्या आत. याचं उत्तर घरून घेऊन जायचं. व्हॅनमध्ये काय काय चालतं ते लिहा आणि प्रत्येकापुढे वॅट लिहा. वस्तूच्या मागच्या चिठ्ठीवर आकडा असतोच. आमची वही अशी होती: बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे दोन, प्रत्येकी ३०. एलईडी दिवे मिळून २०. १२ व्होल्टचा फ्रिज ५०, तोही सतत नाही, कॉम्प्रेसर चालू असेल तेवढाच वेळ. लॅपटॉप ६५. फोन सगळे मिळून ४०. बेरीज अडीचशेच्या आत.

मग वहिनीने वही ओढून घेतली आणि खाली लिहिलं, 'मिक्सर ७५०'. सकाळी पोह्यांबरोबर चटणी हवी म्हणजे हवी. मिक्सर तीनच मिनिटं चालतो, पण सुरू होताना क्षणभर जास्त ओढतो. जनरेटरला तो क्षणच जड जातो. म्हणून प्रत्येक वस्तूसमोर दोन रकाने ठेवा, एक चालतानाचा आणि एक सुरू होतानाचा.

विजेची किटली १५०० वॅट, इंडक्शन शेगडी २०००. ही दोन्ही नावं आम्ही खोडली. चहा गॅसवर होतो. ज्यात वस्तू तापते त्या यंत्राला विजेची भूक फार असते, आणि जनरेटर मोठा, जड, महाग नि गोंगाटी होतो तो अशाच यंत्रांपायी.

एसीचा प्रश्न वेगळा आहे. जुन्या पद्धतीचा एक टनी एसी चालताना १२०० वॅटच्या आसपास घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होताना त्याच्या काही पट मागतो. त्याला निदान ३ केव्हीए हवा. इन्व्हर्टर एसी हळूहळू वेग घेतो, तो २ केव्हीएवर चालू शकतो, फक्त त्या वेळी बाकी मोठं काही लावायचं नाही. माझं मत विचाराल तर आपल्याकडे व्हॅनला एसी लावूच नये. शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची रात्र, हे नाव उगाच पडलेलं नाही. मेच्या शेवटचे दिवस सोडले तर रात्री खिडकी आणि पंखा पुरतो, आणि मेच्या शेवटी माळावर मुक्काम करायला कोण जातं?

२. रात्रीचं काम बॅटरीवर टाका

इथे आम्ही सगळ्यात मोठी चूक केली होती. रात्रभर दिवे-पंखे चालवायला जनरेटर हवा असं आम्ही धरून चाललो होतो. हिशेब करून पाहा. दोन पंखे ६० वॅट, फ्रिजचे सरासरी २५, म्हणजे ८५. दहा तासांचे झाले ८५० वॅट-तास. १०० अँपिअर-तासाच्या १२.८ व्होल्ट लिथियम बॅटरीत १२८० मावतात. रात्र आरामात निघते.

मग जनरेटरचं काम एवढंच उरतं, की दुपारी, आजूबाजूचे लोक जहाज महाल बघायला गेलेले असताना, दीड-दोन तास चालून बॅटरी भरायची. ४० अँपिअरचा चार्जर त्यासाठी जनरेटरकडून साधारण ६०० ते ६५० वॅट घेतो. छतावर सोलर पॅनल असेल तर उन्हाळ्या-हिवाळ्यात तेवढंही लागत नाही. मांडूला खरी गर्दी मात्र पावसाळ्यात असते, आणि तेव्हा ढग दिवसच्या दिवस हलत नाहीत.

३. इन्व्हर्टर जनरेटरच घ्या, आणि तो खरा आहे का ते बघा

साध्या जनरेटरचं इंजिन कायम मिनिटाला ३००० फेऱ्यांवर पळतं, कारण घरातल्यासारखी ५० हर्ट्झची वीज त्या वेगावरच मिळते. एक फोन लावा की दहा, आवाज तोच. २००३ च्या आधी भारनियमनाच्या दिवसांत दुकानांच्या पायऱ्यांवर साखळीने बांधलेले जे जनरेटर आपण पाहिले, ते या जातीचे. इन्व्हर्टर जनरेटर आधी वीज तयार करतो, मग ती इलेक्ट्रॉनिक्समधून ५० हर्ट्झची करून देतो. त्यामुळे इंजिनाला ठरावीक वेगाने पळायची सक्ती राहत नाही. लोड, म्हणजे जोडलेल्या वस्तूंची एकूण ओढ, कमी असेल तर ते मंदावतं. वीजही स्वच्छ मिळते, लॅपटॉपच्या चार्जरला त्रास होत नाही.

बाजारात 'इन्व्हर्टर टाइप', 'सायलेंट' असे शब्द सैल हाताने छापलेले दिसतात. खरंखोटं करायला सोपी युक्ती आहे. काहीही न जोडता चालू करा आणि इको स्विच (लोड कमी असताना इंजिन मंद करणारं बटण) दाबा. इंजिनाचा सूर खाली उतरला पाहिजे. आता एखादी जड वस्तू लावा, सूर चढला पाहिजे. दोन्ही वेळा एकसारखाच घरघरला तर तो साधा जनरेटर आहे, वर स्टिकर काहीही असो.

वजनावरूनही अंदाज येतो. २ केव्हीएचा इन्व्हर्टर जनरेटर वीस-बावीस किलोंचा, बॅगेसारखा एका हाताने उचलता येणारा. तेवढ्याच क्षमतेचा साधा, चौकटीतला, उचलायला दोघे लागतात.

४. आवाजाचा आकडा कुठून मोजलाय ते विचारा

यात बहुतेक लोक फसतात. एका जनरेटरवर ८६ डेसिबल लिहिलेलं असतं, दुसऱ्याच्या पत्रकात ६१. आपण ६१ वाला उचलतो. प्रत्यक्षात दोन्ही सारखेच असू शकतात. पहिला आकडा ध्वनिशक्तीचा, म्हणजे यंत्र एकूण किती आवाज बाहेर टाकतं त्याचा. पेट्रोल-रॉकेलच्या जनरेटरसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची ८६ ची मर्यादा आहे ती याच मापाची, सप्टेंबर २००३ पासूनची. दुसरा आकडा सात मीटरवर उभं राहून कानाला किती येतो त्याचा. मोकळ्या जागेत ८६ ध्वनिशक्तीच्या यंत्राचा आवाज सात मीटरवर ६१ च्या आसपास भरतो. आकडा कमी झाला, यंत्र तेच.

दुसरा प्रश्न विचारायचा, किती लोडवर मोजलंय? पत्रकात बहुधा पाव लोडचा आकडा ठळक असतो. अमेरिकेतल्या कॅम्परवाल्यांचा लाडका होंडा ईयू२२००आय घ्या. पाव लोडला ४८ डेसिबल, पूर्ण लोडला ५७. नावात २२००, पण सतत देतो १८०० वॅट. टाकी ३.६ लिटरची, पाव लोडवर आठ तास चालते, पूर्ण लोडवर तीन तासांच्या थोडंसं वर. चांगली कंपनी हे सगळं उघड लिहिते. जिथे नुसतं 'अल्ट्रा सायलेंट' लिहिलंय आणि अंतर-लोड काहीच नाही, तिथे पुढे सरका.

दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. अंतर दुप्पट केलं की सहा डेसिबल उतरतात. म्हणजे सात मीटरवर ५७ असेल तर चौदा मीटरवर ५१ आणि अठ्ठावीसवर ४५. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा कायद्याची मर्यादा ४५ चीच आहे. पूर्ण लोडवरचा हा उत्तम जनरेटरसुद्धा तिथे अठ्ठावीस मीटर लांब न्यावा लागेल. आजोबांचा तंबू आमच्यापासून पंधरा पावलांवर होता.

म्हणूनच आमचं काम १ केव्हीएत भागत असूनही आम्ही २ केव्हीए घेतला. ६५० वॅटला छोटा धापा टाकतो, मोठा एक तृतीयांश ताकदीवर गुणगुणत बसतो. आठेक किलो जास्त उचलावे लागतात, ते मला चालतं.

५. दुकानात इस्त्री घेऊन जा

महाराणी रोडच्या ज्या दुकानात आम्ही गेलो तिथला पोरगा पिशवीतून निघालेली इस्त्री बघून हसायला लागला. पण १००० वॅटची इस्त्री म्हणजे हातात मावणारा मोजका लोड. आधी रिकामा चालवून ऐकला, मग इस्त्री लावली, मग इस्त्री गरम होत असतानाच मिक्सर. इको स्विच चालू असताना मिक्सर लावला तेव्हा इंजिन गचकलं, दिवा मिचकला, मग सावरलं. इको बंद करून लावला तेव्हा काहीच नाही. तेव्हापासून आमचा नियम आहे की चटणीआधी इको बंद करायचा. हे कुठल्या पत्रकात मिळालं नसतं.

आवाज मात्र रस्त्यावर ऐकू नका. रिक्षांच्या हॉर्नमध्ये कुठलाही जनरेटर शांत वाटतो. मागच्या गल्लीत न्यायला लावा, दहा पावलं मोजा, उभे राहा आणि बोलून बघा. नेहमीच्या आवाजात बोलणं जमलं तर ठीक. फोनमधलं डेसिबल ॲप अचूक नसतं, पण एकाच फोनने दोन जनरेटर ताडून बघायला चालतं.

६. उंची आणि ऊन

हवा विरळ झाली की इंजिनाचा दम कमी होतो, समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला साधारण साडेतीन टक्के. इंदूर साडेपाचशे मीटरवर आहे, पचमढी हजाराच्या थोडं वर. म्हणजे पचमढीला १८०० चे १६०० च्या आत आले. उन्हानेही आणखी थोडं घटतं. लडाखचा बेत असेल तर एक आकार वरचा घ्या.

७. ठेवायचा कुठे

आवाजाचं पुढे बघू, आधी धूर. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही. व्हॅनपासून, आणि शेजाऱ्याच्या तंबूपासूनही, निदान सहा मीटर लांब, धुराचं तोंड माणसांपासून लांब, वारा जिकडे वाहतोय तिकडे. व्हॅनच्या डिकीत, मागच्या फळीवर, ओसरीच्या ताडपत्रीखाली, कधीच नाही. आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. कुणाचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर 'उन्हाने झालं असेल' म्हणत बसू नका. सगळे बाहेर, जनरेटर बंद.

खाली रबराची मॅट, कारण फळीवर किंवा पत्र्यावर ठेवला की तीच थरथरून आवाज वाढवते. भिंतीसमोर ठेवू नका, आवाज परत येतो. व्हॅनच आडोसा म्हणून वापरा. गोधडी घालून झाकायचा मोह होतो, आमचाही झाला. पण इंजिनाला हवा लागते, झाकलं तर ते तापून बिघडतं. पावसात वर पत्रा चालेल, चारही बाजू मोकळ्या. वायर २.५ चौरस मिलिमीटरची, तीन तारांची, पंधरा-वीस मीटर. ड्रमवर गुंडाळलेली असेल तर पूर्ण उलगडा, गुंडाळी तापते.

८. तेल आणि पेट्रोल

नवा जनरेटर बहुधा तेलाशिवाय येतो. आधी १०डब्ल्यू-३० तेल भरा, मग दोरी ओढा. पहिल्या वीस तासांनी तेल बदला, पुढे दर शंभर तासांनी. चोरलला आमचा दर दहा मिनिटांनी बंद पडत होता. दादाने स्पार्क प्लग काढला, साफ केला, तिघांना फोन केले. शेवटी कळलं की जागा उतरती होती, तेल एका बाजूला जाऊन 'तेल कमी आहे' असं समजून सेन्सर इंजिन बंद करत होता. एका पायाखाली चपटा दगड सरकवला आणि चालला.

पेट्रोल धातूच्या डब्यात न्या, इंजिन गार झाल्यावरच भरा. फेरी संपली की टाकीत काही ठेवू नका. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा ओढतं, महिना-दोन महिन्यांत कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रात चिकट थर बसतो, आणि दिवाळीच्या सुट्टीत दोरी ओढून ओढून खांदा जातो. टाकी रिकामी करा, इंधनाचा कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप विझेपर्यंत चालू द्या.