मतदान यंत्राची चाचणी घेताय? या चुका टाळा

पतसंस्था असो, गृहनिर्माण सोसायटी असो, सोलापुरात हल्ली वार्षिक सभेत एकजण तरी उठून म्हणतोच, "आपणबी बटण दाबून मतदान करू की." जरूर करा. पण कंपनीच्या माणसाने संचालकांना चहासोबत दाखवलेलं प्रात्यक्षिक म्हणजे चाचणी नव्हे. यंत्र चालतं हे तो दाखवणारच. ते कुठे अडतं हे तुम्हाला शोधायचं आहे.

सगळ्यात महागात पडते ती नियम न बघण्याची चूक. १९८२ मध्ये केरळच्या परवूर मतदारसंघात ५० केंद्रांवर देशात पहिल्यांदा ईव्हीएम वापरलं गेलं. पण कायद्यात यंत्राचा उल्लेखच नव्हता. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथे मतपत्रिकेवर फेरमतदान घ्यायला लावलं आणि निकाल पालटला. कायदा बदलला तो १९८८ च्या डिसेंबरात. तेव्हा आधी उपविधी काढून वाचा, आणि चाचणीचा निकाल कुठल्याही पदासाठी धरला जाणार नाही हे नोटिशीतच लिहा. सरकारी निवडणुकीची फेरतपासणी मात्र गावपातळीवर घेता येईल असं समजू नका. आपल्याच माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने डिसेंबर २०२४ मध्ये विधानसभेचा यंत्रावरचा निकाल पडताळायला मतपत्रिकेवर मतदान घ्यायचं ठरवलं, तर जमावबंदी लागली आणि ते झालंच नाही. (त्या वादात कोण बरोबर, हा इथला विषय नाही.)

दुसरी चूक, ऑफिसातल्या पोरांवरच चाचणी उरकणं. पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या मावशींना बोलवा. वर्षानुवर्षांच्या कामाने बोटं झिजलेली, अंगठा घेणारं यंत्र त्यांना ओळखत नाही. टचस्क्रीनवर कोरडं बोट पहिल्यांदा लागत नाही, म्हणून त्या पुन्हा जोरात दाबतात आणि तेवढ्यात पान पुढे गेलेलं असतं. आमच्या चाचणीत एका आजींचं मत असंच भलत्यालाच गेलं. पडद्यावर मराठीसोबत तेलुगू, कन्नड, उर्दू हवं, चिन्ह मोठं हवं. ओटीपीच्या भरवशावर तर राहूच नका: घरात मोबाईल एक, आणि तो मुलासोबत कारखान्यात.

केंद्राध्यक्षाची ड्युटी केलेल्यांना मॉक पोल ठाऊक असतो. मतदान सुरू व्हायच्या आधी, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर, किमान ५० मतं टाकायची. मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर ही बटणं: मतदान बंद, निकाल बघायचा, यंत्र पुन्हा शून्यावर. घाईत हा क्लिअर राहिला की संध्याकाळी नोंदवहीत जेवढी माणसं त्यापेक्षा यंत्रात मतं जास्त! व्हीव्हीपॅटमधल्या (मताची चिठ्ठी छापणारं जोडयंत्र) चाचणीच्या चिठ्ठ्याही बाहेर काढून वेगळ्या सीलबंद करतात. तुमचं यंत्र टॅबवरचं असलं तरी हा क्रम तसाच पाळा आणि शून्य दिसल्यावर प्रतिनिधींच्या सह्या घ्या.

गुप्ततेची चूक कुणाच्या लक्षात येत नाही. यंत्र प्रत्येक मताची वेळ साठवतं आणि दारावरचा कारकून नोंदवहीत वेळ लिहितो. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की कुणी कुणाला मत दिलं ते उघड. एकतर मतासोबत वेळ साठवू नका, नाहीतर नोंदवहीत लिहू नका. हे कंपनीला विचारलं तेव्हा समोरचा बराच वेळ गप्प होता.

छापील चिठ्ठी आणि यंत्राचा आकडा जुळला नाही तर कोणता धरायचा? हे आधी ठरवा. मोजणीनंतर ठरवायला बसलात की हरलेला चिठ्ठी म्हणणार, जिंकलेला यंत्र. यंत्राला सगळ्यात जास्त नावं ठेवणारा सभासद असेल, त्यालाच मोजणीला बसवा. तो चुका फुकटात शोधून देतो.

राहिली तारीख. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, तेव्हा कोणी फिरकणार नाही. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी टॅब तापून बंद पडतो. आम्ही त्याला ओल्या टॉवेलवर ठेवून पाहिलं, उपयोग झाला नाही. पुढची चाचणी सकाळी सात ते अकरा ठेवली आहे.